देवळालीचा ताप

इंग्रजी भाषेशी माझी पहिली झटापट १९५६ च्या ऑक्टोबरात झाली आणि तीत मी सपशेल आडवा झालो. आमच्या वेळी इंग्रजी आठवीत सुरू होई. म्हणजे नववीच्या सहामाहीला बसलेला मुलगा त्या भाषेत जेमतेम दीड वर्षाचा असे. भाषांतरासाठी आलेल्या वाक्यांत एक वाक्य होते: मुलाने आपल्या वडिलांना त्रास दिला, अशा अर्थाचे. त्यातले क्रियापद होते ‘ॲनॉय’. मला ‘एन्जॉय’ ठाऊक होते. दोघांचे तोंडवळे सारखे, शेपट्या सारख्या. मी बेधडक लिहून मोकळा झालो : ‘मुलाने आपल्या वडिलांचा आनंद घेतला.’

मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचले. मग पुढचा सगळा तास वर्गाने माझा आनंद घेतला.

घरी येऊन मी ती उत्तरपत्रिका अण्णांपुढे ठेवली. अण्णा म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. माणूस तसा मितभाषी, पण त्या दिवशी ते हसले. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला, आणि तो खोकला बराच वेळ थांबेना. आईने पाण्याचा तांब्या आणून दिला. आम्हां मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. ‘हवा बदलते आहे,’ एवढेच आजी म्हणाली.

खोकला ओसरल्यावर अण्णांनी फर्मान काढले : “उद्यापासून संध्याकाळी मुन्शीजींकडे जायचे.”

हे मुन्शीजी काजीपुऱ्यात राहत. वाचकहो, नाशिक म्हटले की रामकुंड, पंचवटी आणि काळाराम एवढेच ज्यांना आठवते, त्यांना सांगायला हवे की याच गावाला मोगलांच्या अमदानीत ‘गुलशनाबाद’ म्हणत. पेशवाईत जुने नाव पुन्हा रूढ झाले. परंतु काजीपुरा, पिंजारघाट, दूधबाजार या गल्ल्यांतून त्या गुलशनाबादचा वास अजून पुरता गेलेला नाही. मुन्शीजी कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस होते. अण्णांची आणि त्यांची ओळख तिथलीच. अर्जातल्या एखाद्या शब्दावरून दोघे तासभर वाद घालीत आणि शेवटी एकाच बशीतून चहा पीत. पण अर्जनविशी हा त्यांचा उतारवयातला उद्योग. तरुणपणी ते देवळालीच्या छावणीत गोऱ्या अंमलदारांना हिंदुस्थानी शिकवीत असत.

हा धंदा आता कोणाला ठाऊकही नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. १८०० साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. गिलख्रिस्ट नावाच्या डॉक्टरसाहेबांनी तिथे हिंदुस्थानी शिकवण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या सांगण्यावरून मीर अम्मन यांनी ‘बाग-ओ-बहार’ ही कथा सोप्या बोलीत लिहिली. साहेबाला शिकायला सोपे जावे म्हणून लिहिलेले हे पुस्तक उर्दू गद्याचे अभिजात पुस्तक होऊन बसले, ही इतिहासाची थट्टाच! पुढे कित्येक वर्षे हिंदुस्थानात येणाऱ्या अंमलदाराला भाषेची परीक्षा द्यावी लागे; ती दिल्याशिवाय बढतीचा मार्ग सुकर होत नसे. म्हणून जिथे छावणी तिथे मुन्शी आलाच. हातात छत्री, बगलेत पुस्तक, डोक्यावर तुर्की टोपी, असा हा मास्तर बंगल्याच्या व्हरांड्यात बसून आपल्यापेक्षा दसपट पगाराच्या विद्यार्थ्याचे उच्चार दुरुस्त करी.

मी पहिल्या संध्याकाळी गेलो तेव्हा मुन्शीजींनी माझी उत्तरपत्रिका वाचली. ते हसले नाहीत. म्हणाले, “बेटा, तुझी चूक लहान आहे. साहेबलोक याच्या उलट चुका करीत. हा एक लफ्ज नाही, हा जिना आहे. साहेबाकडे एकच शब्द, आपल्याकडे पायऱ्या. मी त्यांना विचारत असे, साहेब, तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात?”

आणि त्यांनी माझ्या वहीत सात शब्द एकाखाली एक लिहून दिले. पण तळाकडून वर वाचायचे असे : छेडना, सताना, तंग करना, दिक करना, परेशान करना, नाराज करना, खफा करना.

“छेडणे ही खेळाची पायरी,” ते म्हणाले. “बहिणीची वेणी ओढलीस, ती ओरडली आणि हसली, ते छेडणे. ती रडली की सतावणे. रोज ओढलीस की तंग. दिवसभर ओढलीस, तिचे जेवणात लक्ष लागेना, की दिक. रात्री तिला झोप येईना, की परेशान. इथपर्यंत जिन्यावर तू असतोस. वरच्या दोन पायऱ्यांवर तू नसतोस, ती असते. ती नाराज होते, मग खफा होते. तिथे दार बंद. म्हणून, बेटा, माफी मागायची तर पाचव्या पायरीपर्यंत मागावी. पुढे ती महाग पडते.”

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला व्याकरण असे कोणी शिकवले, तर ते त्याच्या हाडांत मुरते. पुढे आयुष्यभर मला शब्दांच्या कुळकथा शोधण्याचा नाद लागला, त्याचे मूळ त्या वहीच्या पानात आहे. त्या सात शब्दांचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे मी पुढे जे काही धुंडाळले, त्यातले थोडे आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाढतो.

‘तंग’ म्हणजे फारसीत अरुंद. मराठीत सदरा तंग होतो, पैशाची तंगी होते आणि घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्यालाही तंगच म्हणतात. त्रास दिला म्हणजे माणसाभोवतीची जागा आवळली, ही त्यामागची कल्पना. सर्वांत वरची पायरी ‘खफा’. फारसीत त्याचा मूळ अर्थ गुदमरलेला, गळा आवळलेला. आपल्याकडे दरबारात सरदारावर ‘खप्पा मर्जी’ होई, तो हाच शब्द. मर्जीचा श्वास कोंडला की सरदाराची जहागीर गेली. आणि गंमत पाहा, इंग्रजीत चिंतेला जो ‘वरी’ शब्द आहे, त्याचाही जुना अर्थ गळा दाबणे हाच. नाशिकच्या, इस्पहानच्या आणि लंडनच्या माणसाला रागाचा अनुभव एकाच ठिकाणी आला : कंठाशी. ‘टीझ’ म्हणजे चिडवणे. त्याचा मूळ अर्थ लोकर पिंजणे. पिंजारघाटावरून शाळेत जाणाऱ्या मला हे कोणी तेव्हाच सांगितले असते, तर मी तो शब्द जन्मात विसरलो नसतो!

‘परेशान’ म्हणजे विखुरलेले. फारसी कवींच्या प्रेयसीचे केस परेशान असत. ‘हैरान’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ चकित, गोंधळलेला. उर्दूत आजही माणूस सुंदर इमारत पाहून हैरान होतो. मराठीत मात्र तो ‘हैराण’ झाला आणि डासांनी, उकाड्याने, पाहुण्यांनी बेजार होऊ लागला. ‘न’चा ‘ण’ होताना आश्चर्य गळाले आणि घाम राहिला. या एका शब्दापायी मराठी माणसे उत्तरेत किती फसतात! यजमान म्हणतो, “आपको देखकर मैं हैरान हूँ,” आणि आमचा माणूस पिशवी उचलून निघण्याच्या बेतात.

‘जेरीस आणणे’ यातले ‘जेर’ म्हणजे खाली. उर्दू लिहिताना अक्षराच्या खाली जी तिरपी रेघ देतात तिला जेर म्हणतात आणि वर देतात तिला जबर. ज्याचा हात वर तो जबरदस्त, आणि जो खाली आला तो जेरीस आला. मोडी-बाळबोधीत वाढलेल्या मराठी माणसाने उर्दूचे अक्षरही न गिरवता तिच्या काना-मात्रा तोंडात खेळवल्या, हे केवढे आश्चर्य!

‘राजी’चा उलट ‘नाराज’. त्याच राजीचा ‘राजीनामा’. उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोडीचा, संमतीचा कागद. मग मराठीत तो नोकरी सोडण्याचा कागद कसा झाला? हे कोडे अण्णांनी सोडवून दिले, कारण ते त्यांच्या कचेरीतले होते. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या पद्धतीत खातेदाराला जमीन सोडायची झाली की तो ‘राजीनामा’ देई आणि नवा खातेदार ‘कबुलायत’ लिहून देई. राजीखुशीने सोडतो, असा तो कागद. त्यातली राजीखुशी हळूहळू उडाली आणि सोडणे तेवढे उरले. आज राजीनामा देणारा माणूस बहुधा नाराज असतो. शब्द आपल्या उलट्या अर्थाच्या घरी जाऊन राहिला!

साहेबाच्या त्या ‘ॲनॉय’ची कुळकथाही ऐका. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘इन ओदियो’ या दोन शब्दांत आहे. ‘मला ते नकोसे झाले आहे’ असे म्हणण्याची ती रीत. म्हणजे मुळात त्या वाक्यातही कर्ता रुसून बसलेला नव्हता. आपल्या ‘मला राग आला’, ‘मला वैताग आला’ यासारखेच ते ‘मला’चे वाक्य होते. आपल्या भाषांत राग हा पाहुणा असतो. तो येतो आणि जातो. हा शब्द पुढे फ्रेंच भाषेत गेला. तिथून एक लेक इंग्रजीत सासरी आली, ती ‘ॲनॉय’. आणि माहेरी राहिलेली दुसरी ‘आँन्वी’, म्हणजे कंटाळा. त्रास आणि कंटाळा या सख्ख्या बहिणी.

ही गोष्ट जगात कुठे पटो न पटो, देवळालीत पटते.

नाशिकपासून तीन-चार कोसांवरचे देवळाली हे आज तोफखान्याच्या शिक्षणाचे ठाणे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. १८६१ साली तिथे ब्रिटिश फौजेचा तळ पडला. थळ घाटातून आगगाडी वर आली आणि मुंबई बंदर हाताशी आले. विलायतेहून आलेली पलटण बोटीतून उतरली की देवळालीला येई, तिथून हिंदुस्थानभर पांगे. आणि मुदत संपलेले सोजीर परत देवळालीला जमत व बोटीची वाट पाहत. पण फौजेच्या बोटी बारमाही नव्हत्या. त्यांचा हंगाम साधारण पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत. ज्याची मुदत हंगाम संपता संपता पुरी झाली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत बसून राहणे आले. हत्यारे जमा केलेली, कवायत नाही, काम नाही. घर समुद्रापलीकडे, आणि खिशात होता नव्हता तो पैसा दारूत संपलेला. चैत्र-वैशाखात देवळालीचे माळ तापत आणि हे शिपाई त्या माळावर कंटाळत. कोणी भांडण उकरून काढी, कोणी तुरुंगात जाई, कोणी एकटाच बडबडत फिरे.

अशा माणसाला पलटणीत म्हणत : ‘याला डूलाली टॅप झाला.’ डूलाली म्हणजे आपली देवळाली. आणि ‘टॅप’ म्हणजे उर्दू ‘तप’, ताप! फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात होता. त्याने १९३६ साली ‘ओल्ड सोल्जर साहिब’ नावाच्या आठवणी छापल्या. त्यात त्याने या शब्दाचा उगम या तळावरच्या कंटाळ्यातच असावा असे सांगितले आहे. पुढे ताप उतरला आणि नुसते ‘डूलाली’ उरले. आज इंग्रजी कोशांत तो डोके फिरलेल्यासाठीचा शब्द आहे. १९७४ पासून १९८१ पर्यंत बी.बी.सी.ने दाखवलेली एक विनोदी मालिकाही आरंभी याच देवळालीत घडते. नाशिक जिल्ह्याने इंग्रजी भाषेला दिलेली ही देणगी! द्राक्षे नंतर गेली.

मुन्शीजींनी हा ताप डोळ्यांनी पाहिला होता. “ते वाईट नव्हते,” ते सांगत. “त्यांना कोणी त्रास देत नव्हते, म्हणूनच ते त्रासले होते.”

साहेबाने आपल्याकडून नेलेला त्रासाचा हा एकच शब्द नव्हे. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात ‘दिक’ आहे! कटकट, डोकेदुखी या अर्थी तो शब्द हिंदुस्थानातल्या साहेबांच्या तोंडी पक्का बसला होता. इथल्या फायली, इथले डास, इथला उन्हाळा यांनी जो त्रास होई, त्याला विलायतेहून आणलेला ‘ॲनॉय’ पुरा पडेना. इथल्या दुखण्याला इथलेच नाव हवे असते.

आता मी माझ्या दुखण्याकडे येतो.

डिसेंबरात अण्णांच्या छातीचा फोटो काढला. त्यानंतर घरात सगळे हळू बोलू लागले. अण्णांची खाट पुढच्या खोलीत गेली, त्यांचा पेला आणि ताटली वेगळी झाली. आम्हां मुलांना रोगाचे नाव कोणी सांगितले नाही. आम्हांला दिसे एवढेच, की अण्णा बदलले. संध्याकाळ झाली की त्यांच्या डोळ्यांत एक चमक येई, गाल तांबूस होत, आणि मग कशाचेही निमित्त पुरे होई. भांडे पडले, दार वाजले, मी मोठ्याने वाचले, की ते कडाडत. एकदा त्यांनी माझी वही फेकून दिली. तीच वही, सात पायऱ्यांची.

मी वही उचलली आणि म्हणालो, “अण्णा, तुम्ही सगळ्यांना दिक करता.”

नवा शिकलेला शब्द. वापरायला मिळाल्याचा मला आनंदही झाला असावा. ते आठवले की आजही मान खाली जाते. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड केले. आई स्वयंपाकघरातून दारात आली आणि तशीच परत गेली. पुढचे काही दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. रागावलेही नाहीत, याचीच मला भीती वाटली. मुन्शीजींच्या हिशेबाने ही सातवी पायरी.

मी मुन्शीजींना सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बेटा, तुझ्या वडिलांना काय झाले आहे, तुला माहीत आहे?”

मी नाही म्हणालो.

“तप-ए-दिक,” ते म्हणाले. “आमच्याकडे त्या आजाराचे नावच ते.”

अरबीत ‘दिक’ म्हणजे बारीक, कृश. माणूस दिवसेंदिवस बारीक होत जातो असा ताप, तो तप-ए-दिक. संस्कृतात तोच क्षय. इंग्रजीतही त्याचे जुने नाव ‘कन्झम्प्शन’, म्हणजे झिजणे. तिन्ही भाषांनी एकाच माणसाला खाटेवर झिजताना पाहिले होते. आणि उर्दूने त्याच शब्दात त्याचे चिडणेही पाहिले. कोणाच्या तरी हातून जो सतत झिजवला जातो, तो दिक होतो.

“तू शब्द बरोबर वापरलास,” मुन्शीजी म्हणाले, “फक्त कर्ता चुकलास. ते दिक करीत नाहीत. ते दिक झाले आहेत. करना आणि होना यांत एवढाच फरक आहे, पण त्यात घर उभे राहते किंवा पडते. आणि आणखी एक शब्द लिहून घे : आजार. फारसीत आजार म्हणजे छळ, त्रास. कोणाचे मन दुखवणे ती दिल-आजारी. तुम्ही मराठी लोकांनी त्याचा अर्थ रोग केलात. मला विचारशील तर तुमचाच अर्थ खरा. ज्याला आपण त्रास म्हणतो, तो पुष्कळदा कोणाचा तरी आजार असतो.”

त्या रात्री मी अण्णांच्या खाटेपाशी गेलो. पण ते झोपले होते, किंवा झोपल्यासारखे होते. संक्रांतीनंतर त्यांना देवळालीला नेले. कोरड्या हवेसाठी ते गाव तेव्हा प्रसिद्ध होते. निरनिराळ्या समाजांनी बांधलेली सॅनिटोरियमे तिथे होती, आणि मुंबईची माणसे छाती सुधारायला येऊन राहत. सोजिरांना ताप देणारा माळ आमच्या लोकांचा ताप उतरवी, हाही एक योगच.

काळही बरा होता. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला होता, १९५२ पासून आयसोनियाझिडच्या गोळ्या वापरात आल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी याच रोगाने गेलेल्या माझ्या काकांच्या नशिबी हवेपलीकडे औषध नव्हते. पुढे १९५९ साली मद्रासच्या एका प्रसिद्ध प्रयोगाने सिद्ध केले की, औषध नियमित घेतले तर घरी राहूनही रोगी सॅनिटोरियमइतकाच बरा होतो आणि घरच्या माणसांना धोकाही वाढत नाही. ते दोन वर्षे आधी कळले असते, तर अण्णांचा पेला वेगळा झाला नसता असे नव्हे. पण खाट कदाचित घरातच राहिली असती.

फेब्रुवारीत आईबरोबर मी देवळालीला गेलो. अण्णा व्हरांड्यात आरामखुर्चीवर होते. आई आत डॉक्टरांशी बोलायला गेली. मी खिशातून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यावर मी सात पायऱ्या पुन्हा लिहून आणल्या होत्या आणि खाली एक वाक्य : ‘चौथ्या पायरीवर कर्ता चुकला. माफी असावी.’ मुन्शीजींनी अर्जाचा मसुदा तपासून दिला होता, ‘असावी’ त्यांचे.

अण्णांनी तो कागद कचेरीतला कागद वाचावा तसा, वरून खाली, नीट वाचला. मग खिशातून पेन्सिल मागितली.

“तुझ्या मुन्शीजींच्या जिन्यात एक शब्द राहिला,” ते म्हणाले, आणि त्यांनी कडेला लिहिले : ‘ताप.’ “आपण नाही का म्हणत, डोक्याला ताप? ताप देऊ नकोस म्हणून? अंगाला येतो तोही ताप, आणि पोरे देतात तोही तापच. सांग त्यांना.”

मी सांगितले. मुन्शीजी खूष झाले. म्हणाले, “दुसऱ्या पायरीवरचा सताना, तोही तापच, संताप त्याचा बाप. संस्कृत माझे कच्चे, तुझ्या वडिलांना विचार.” पुढे कोशांत पाहिले, तेव्हा म्हाताऱ्याचे म्हणणे खरे निघाले. सतावणे हे ‘संतापन’चेच लेकरू. आणि फारसी ‘तप’ व संस्कृत ‘ताप’ हीही एकाच घरातली भावंडे. मग डूलाली टॅपमध्ये जो ताप आहे, तो कोणाचा म्हणायचा? काजीपुऱ्याचा की पंचवटीचा? 

या प्रश्नावर आपल्याकडे मोठमोठ्यांनी लेखण्या झिजवल्या आहेत. शिवाजीमहाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. देवळालीला खेटून असलेल्या भगूर गावी जन्मलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द रुळवले. आणि त्यांनीच अंदमानात उर्दू कविताही लिहिली. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश रचला आणि पुढे भाषाशुद्धीचाही विचार मांडला. मौलवी अब्दुल हक यांच्या ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ने त्यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली प्रसिद्ध केला, तो कुठून? त्या वेळच्या औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, गोदावरीच्या खोऱ्यातूनच. मोल्सवर्थ आणि कँडी या साहेबांचा इंग्रजी-मराठी कोश त्याआधी, १८४७ साली आला होता. या सगळ्यांनी आपापल्या बाजूने एकच विहीर खणली. मी कारकुनाचा मुलगा. न्यायनिवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच म्हणतो की, राज्यकारभारातले शब्द हुकुमाने बदलता आले. पण चिडण्याचे शब्द कोणाच्या हुकुमाला जुमानले नाहीत. हैराण, बेजार, तंग, नाराज हे तसेच राहिले. चिडलेला माणूस कोश उघडत नाही.

अण्णा १९५७ च्या दिवाळीला घरी आले. अंगाने भरले नव्हते, पण ताप गेला होता. पाडव्याच्या सकाळी त्यांनी मला मुन्शीजींकडे फराळाचा डबा घेऊन पाठवले, आणि डब्यावर चिठ्ठी ठेवली. मी ती वाटेत उघडून वाचली. मुलगा काय करणार! तीत लिहिले होते : ‘आपल्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी केलेले भाषांतर तपासता चूक आढळत नाही. मुलाने वडिलांचा आनंद घेतला, वडिलांनीही घेतला. सबब गुण द्यावेत.’

मुन्शीजींनी चिठ्ठीवर लाल शाईने ‘मंजूर’ लिहिले आणि ती मला परत दिली.

आज दोघेही नाहीत. मुन्शीजींच्या घराच्या जागी तीन मजली इमारत झाली, अण्णा पुष्कळ जगून गेले. माझ्या वयाची ऐंशी उलटली, आणि आता घरात मोठ्याने वाचणाऱ्यांवर ओरडण्याची पाळी माझी आहे. परवा माझी नात अभ्यासाला बसली होती. मी तिला तिसऱ्यांदा विचारले, अग, जेवलीस का? ती म्हणाली, “आजोबा, इरिटेट नका ना करू!”

मला राग आला नाही. एक नवा शब्द उंबरठ्यावर उभा होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी हैराण असाच उभा असेल. मी तिला एवढेच विचारले, “कोणत्या पायरीवर?”

तिने वहीतून डोके वर काढले. मग तिला सात पायऱ्यांची गोष्ट सांगावी लागली. अभ्यास तसाच राहिला. सगळे ऐकून तिने बोटावर मोजले आणि म्हणाली, “दुसऱ्या. पण आता तिसरीवर चाललाय.”

मी लगेच माफी मागितली. पाचवीच्या आत असलेली बरी.